मेंदूला मार बसलेल्या माणसासाठी निवासी केंद्र: नेमकं काय बघायचं?

पाऊलवाट
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ३८, कारखान्यात फिटर होता. चौदा महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडला. डोक्याला मार, शस्त्रक्रिया, तीन आठवडे बेशुद्ध. आज तो चालतो, थोडा पाय ओढत. बोलतो छान. बाहेरचं कोणी दहा मिनिटं भेटलं तर म्हणतं, "अरे, हा तर ठणठणीत आहे की!" अकराव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात येतं.

सकाळी कोणी उठवलं नाही तर दुपारपर्यंत पडून राहतो. "दादा, आंघोळ" म्हटलं की "हो, निघालोच" म्हणतो आणि पाऊण तासाने बघावं तर तिथेच बसलेला. मध्येच कशावरून तरी असा भडकतो की सहा वर्षांची भाची टेबलाखाली जाऊन बसते. दोनदा गॅस चालू ठेवून विसरला. एकदा मध्यरात्री दार उघडून निघून गेला. वहिनीची नोकरी आहे, आई-बाबा सत्तरीच्या पुढे. वर्षभर ताणलं, आता तुटायला आलंय.

दोन निवासी केंद्रं बघून आलो. पहिलं चकाचक. फिजिओचा मोठा हॉल, नवी कोरी मशिनं. दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं एकदम शांत असतं, कोणाचा काही त्रास नाही." खरंच शांत होतं. हॉलमध्ये बारा-पंधरा जण टीव्हीसमोर ओळीने बसले होते. दुसरं म्हणजे जुनी इमारत, थोडा पसाराच. आम्ही गेलो तेव्हा एक गृहस्थ मोठमोठ्याने हुज्जत घालत होते आणि एक मुलगी चाकांच्या स्टँडवर एका हाताने कपडे वाळत घालत होती. इतकी सावकाश की मलाच हात लावावासा वाटला.

बाबांना पहिलं पटलंय. वहिनीला दुसरं, पण का ते तिला सांगता येत नाही. मला दोन्हीचं काही कळलेलं नाही. असं ठिकाण चांगलं की वाईट हे ओळखायचं कशावरून? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

कुंपणावरचा
सोमवार, रात्री ११:५८

वाचनखूण साठवली. दुर्दैवाने उपयोगी पडेल असं दिसतंय.

खारुताई
मंगळवार, सकाळी ६:१५

पाऊलवाट, आधी एक. "तुटायला आलंय" हे लिहिलंस ते बरं केलंस. मला ते कबूल करायला तीन वर्षं लागली.

माझ्या मुलीला मेंदूज्वर झाला तेव्हा ती १९ वर्षांची होती. आता सहा वर्षं केंद्रात आहे, पण हे दुसरं केंद्र. पहिलं आम्ही निवडलं ते इमारत बघून. महिन्याभराने भेटायला गेलो तर सगळे कौतुकाने सांगत होते, "आता छान रुळली आहे हो." रुळली कसली! जीभ जड, चालताना अडखळणं, वजन वाढलेलं, दिवसाचे चौदा तास झोप. फाइल मागितली तर झोपेची आणि मन शांत करणारी मिळून तीन औषधं सुरू झालेली. कोणाला विचारून? आम्हाला नाही, तिला तर नाहीच. "रात्री ओरडायची ना," हे उत्तर. का ओरडायची ते कोणी बघितलं नव्हतं. पुढे नव्या ठिकाणी निघालं: मूत्रमार्गाचा संसर्ग होता आणि तिला सांगता येत नव्हतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न औषधांचा असतो. इथे येताना जी औषधं होती त्यातली किती कमी झाली, किती वाढली, आणि ठरवलं कोणी? जे केंद्र यावर गडबडतं तिथून मी निघते.

दुसरं, आगाऊ न कळवता जा. रविवारी दुपारी चार वाजता किंवा रात्रीच्या जेवणाच्या वेळी. सोमवारी सकाळी अकरा वाजता जगातलं प्रत्येक केंद्र चांगलं असतं. आणि मशिनं बघू नकोस, माणसांची नखं बघ. चष्मा डोळ्यावर आहे का, पुसलेला आहे का. कवळी तोंडात आहे की डबीत. पाण्याचा ग्लास हात पोहोचेल अशा जागी आहे का, की ज्या बाजूला त्याला दिसतच नाही त्या बाजूला ठेवलाय.

उंटावरचा शहाणा
मंगळवार, सकाळी ९:०५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. कितीही चांगलं केंद्र असलं तरी पगारी माणूस तो पगारी माणूस. रक्ताच्या नात्याने होतं ते पैशाने होत नाही. पूर्वी कुठे होती केंद्रं? घरीच एक पूर्णवेळ माणूस ठेवा, भाऊ डोळ्यासमोर राहील.

रातराणी
मंगळवार, सकाळी ९:२०

शहाणे, पूर्वी या माणसांपैकी बरेचसे अपघाताच्या जागीच जायचे. म्हणून केंद्रं नव्हती.

नवऱ्याला पक्षाघात झाला त्याला आठ वर्षं झाली. त्यातली पाच मी घरी केली. पाचव्या वर्षी मी त्याच्यावर हात उचलला. लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण "रक्ताचं नातं" वाचून कोणीतरी अजून पाच वर्षं काढेल. तो केंद्रात गेल्यावर मी परत त्याची बायको झाले. शनिवारी जाते, शेजारी बसते, भांडतो, पत्ते खेळतो. त्याची आया असताना यातलं काहीच होत नव्हतं.

पॉलिन बॉस नावाच्या संशोधिकेने या दुःखासाठी एक संज्ञा दिली आहे, मराठीत 'धूसर वियोग' म्हणता येईल. माणूस समोर बसलेला आहे आणि तरी गेलेला आहे. सुतक नाही, तेरावा नाही, कोणी भेटायला येत नाही. पाऊलवाट, वहिनीशी या विषयावर जरा बोला.

उंटावरचा शहाणा
मंगळवार, सकाळी ९:४१

शब्द मागे घेतो. पूर्ण नाही, पण बराचसा.

चष्मेबद्दूर_२
मंगळवार, दुपारी १:१०

एक शंका. सरकारी भाषांतरात याला 'अर्जित मेंदू इजा' म्हणतात असं कुठेसं वाचलं. जन्मतः नसलेली, नंतर झालेली, असा अर्थ असावा.

कुंपणावरचा
मंगळवार, दुपारी १:१४

अर्जित?? आम्हाला फक्त अर्जित रजा माहीत होती.

चष्मेबद्दूर_२
मंगळवार, दुपारी १:१६

तीही आमची नेहमी वायाच जाते. असो. 'मेंदूला मार' म्हटलं की अपघातच डोळ्यांसमोर येतो. पक्षाघात, मेंदूज्वर, गाठ, हृदय थांबून प्राणवायू न मिळणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून एक शब्द हवा होता इतकंच.

मांडीठोक
मंगळवार, रात्री १०:३०

मी न्यूरो-फिजिओ आहे, अशा केंद्रांत जाऊन काम करतो. पाऊलवाट, तुमच्या मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट आहे जिच्यावर सगळं फिरतं. "हो, निघालोच" म्हणून तिथेच बसणं. हा आळस नाही आणि नाटकही नाही. कपाळामागचा जो मेंदूचा भाग असतो त्याचं एक काम म्हणजे ठरवलेली गोष्ट सुरू करणं. गाडी चांगली आहे, पेट्रोल आहे, स्टार्टर गेलाय. अशा माणसाला सगळं 'येतं', फक्त ते आपणहून होत नाही. गंमत अशी की त्याला स्वतःला हे पटत नाही. "मला काय झालंय?" हे तो मनापासून विचारतो. आपल्यात काही कमी आहे हे कळण्याची यंत्रणाच दुखावलेली असू शकते.

आता विचार करा, असा माणूस केंद्रात गेला तर काय होईल? तो त्रास देणार नाही. बसवलं तिथे बसेल. भरवलं तर खाईल. सगळे म्हणतील, किती गुणी. ओरडणाऱ्याकडे चार जण धावतात आणि हा वर्षभर टीव्हीसमोर बसून राहतो. शांत केंद्राबद्दल मला म्हणूनच शंका येते. मेंदूला इजा झालेली पंधरा माणसं एका हॉलमध्ये असून आवाज नसेल, तर एक तर औषधं जास्त आहेत किंवा कोणी कोणाकडून काही करून घेत नाहीये.

कर्ट गोल्डश्टाइन या जर्मन डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांसाठी फ्रँकफुर्टला संस्था चालवली होती. त्यांचं एक निरीक्षण मला रोज दिसतं. आवाक्याबाहेरचं काम समोर आलं की ही माणसं एकदम कोसळतात: थरथर, संताप, रडणं. त्यांनी त्याला 'विनाशकारी प्रतिक्रिया' म्हटलं. म्हणजे दादाचं "कशावरून तरी" भडकणं बहुतेक वेळा कशावरून तरीच असतं. गोंगाट, घाई, एका वेळी तीन सूचना, थकवा. चांगलं केंद्र ते 'कशावरून' शोधून काढतं.

आणि एक तांत्रिक खबरदारी. ज्या केंद्रात मेंदूइजेचे तरुण, स्मृतिभ्रंशाचे वृद्ध आणि मानसिक आजाराचे रुग्ण एकाच छापाने सांभाळतात तिथे जरा थांबा. स्मृतिभ्रंशात उतार सांभाळायचा असतो. इथे चढ चढायचा असतो, हळू का होईना. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते हे खरं, पण नंतर ती थांबते हे खरं नाही.

माजी_मामा
बुधवार, पहाटे २:५०

मी नऊ वर्षं अशा केंद्रात अटेंडंट होतो. दोन ठिकाणी. आता सोडलं. मांडीठोक सर बोलले ते खरं आहे, मी आतलं सांगतो.

शर्टाची बटणं लावायला पेशंटला वीस मिनिटं लागतात. मी लावली तर एक मिनिट. सकाळच्या पाळीत माझ्याकडे आठ जण. नाष्ट्याची गाडी साडेआठला येते. आता सांगा मी काय करणार? वरचे साहेब सांगणार, पेशंटला स्वावलंबी करा. आणि साडेआठला आठही जण तयार नसले तर मलाच बोलणार. दर सकाळी मी आठ माणसांचं थोडं थोडं शिकलेलं काढून घेत होतो. ते मला कळत होतं.

म्हणून विचारायचं असेल तर हे विचारा. सकाळी किती पेशंटमागे एक माणूस? रात्री किती? रविवारी किती? आणि तो माणूस रोज तोच असतो की एजन्सीचा, रोज नवा? नवीन माणसाला पेशंट कसा पाणी पितो हे माहीत नसतं. गिळायला त्रास असलेल्याला दाट करून द्यायचं पाणी साधं दिलं की ठसका, छातीत पाणी, न्यूमोनिया.

दुसरं केंद्र चांगलं होतं. तिथे एक वही होती. पेशंट भडकला की तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. एक जण रोज संध्याकाळी साडेपाचला मारायला धावायचा. सगळे म्हणायचे स्वभाव. वहीत बघितलं तर रोज त्या वेळी पाळी बदलायची आणि सगळे त्याच्या डोक्यावर उभे राहून बोलायचे. बोलायची जागा बदलली. मारणं जवळपास बंद. औषधाची एक गोळी नाही वाढवली.

पाऊलवाट ताई, ती मुलगी कपडे वाळत घालत होती तेव्हा तिच्या शेजारी कोणी होतं का? आणि तो माणूस काय करत होता?

पाऊलवाट
बुधवार, सकाळी ८:००

मामा, पहाटे उठून लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. हो, एक बाई होत्या. हात मागे बांधून उभ्या होत्या. तेव्हा मला वाटलं, काय बाई आहे, मदत करत नाही. आता अंगावर काटा आला.

माजी_मामा
बुधवार, सकाळी ८:३५

हात मागे बांधून उभं राहणं हे सगळ्यात अवघड काम आहे ताई. आणि उठलो नव्हतो, अजून झोपलोच नव्हतो. रात्रपाळीची सवय जात नाही.

टोलनाका
बुधवार, सकाळी ११:२०

सगळे एकाच बाजूने बोलत आहेत म्हणून लिहितो. माझे सासरे अशाच 'मोकळ्या, घरगुती' केंद्रात होते. कडी नाही, कुलूप नाही, स्वातंत्र्य वगैरे. एका संध्याकाळी फाटकातून बाहेर गेले. चार तासांनी सापडले, खुबा मोडलेला. त्यानंतर चालले नाहीत. केंद्राचं म्हणणं, "आम्ही निवासींच्या स्वातंत्र्याचा आदर करतो." आदर! माणसं कमी होती हे त्याचं खरं नाव. दादा रात्री दार उघडून जातो हे पोस्टमध्येच आहे. पसारा, आवाज, कपडे वाळत घालणारी मुलगी हे सगळं छान, पण रात्री तीन वाजता दाराशी कोण असतं ते विचारा.

खारुताई
बुधवार, सकाळी ११:५२

टोलनाका, पूर्ण सहमत. वाईट वाटलं वाचून. कमी माणसं असली की एक केंद्र कुलूप लावतं आणि दुसरं लावत नाही, दोन्हीकडे कारण एकच असतं. आमच्याकडे दाराला घंटी आहे. दार उघडतं, पण रात्रपाळीच्या सिस्टरच्या खिशात वाजतं. ती उठून मुलीबरोबर दोन फेऱ्या मारते, परत येतात. अर्थात त्यासाठी ती सिस्टर जागी हवी.

चौथा_गिअर
बुधवार, दुपारी ४:०५

मी अडीच वर्षं केंद्रात होतो. पेशंट म्हणून. धागा वाचायला दोन दिवस लागले, थकतो. लिहायलाही वेळ लागतो, म्हणून थोडं थोडं.

दादाला विचारलं का?

मांडीठोक
बुधवार, दुपारी ४:२०

लाजवलंत. इतके प्रतिसाद आले आणि हे कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा.

चौथा_गिअर
बुधवार, रात्री ८:४०

पुढचं. केंद्रात मला सगळ्यात कशाचा राग यायचा तर माझ्या डोक्यावरून बोलण्याचा. "याने जेवण केलं का?" अहो मी इथे आहे. माझी स्मृती गेली होती, कान नव्हते गेले.

सगळ्यात कशाचा आनंद झाला तर कपाटाच्या किल्लीचा. मी ती चार वेळा हरवली. चारही वेळा नवीन दिली. पाचव्यांदा दोरीला बांधून गळ्यात घातली, ती आयडिया माझी. त्यांनी "आता किल्ली बंद" म्हटलं असतं तर मी आज घरी नसतो. माणसाला चुका करू द्या. चांगलं केंद्र चुका करू देतं.

सध्या एकटा राहतो. बहीण खालच्या मजल्यावर आहे. फोनवर सतरा गजर लावलेत. अठरावा लावला होता, तो कशासाठी ते आठवत नाही, रोज दुपारी सव्वातीनला वाजतो.

कुंपणावरचा
बुधवार, रात्री ८:४४

सव्वातीनचा गजर काढू नका. त्या वेळी जे काही कराल ते वेळेवर झालं असं समजा.

मांडीठोक
बुधवार, रात्री ९:३०

चौथा_गिअर, तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण एका जागी घालतो. किल्लीबाबत मान्य. मात्र ज्यांची नवीन आठवण साठवण्याची क्षमता फारच गेलेली असते त्यांच्याबाबत उलटं होतं. चूक केली हे त्यांना आठवत नाही, पण हाताला ती चूक मात्र बसते. तीच पुन्हा होते, पक्की होते. अशा वेळी 'चूकविरहित शिक्षण' वापरतात: सुरुवातीला प्रत्येक पायरीला आधार देऊन चूक होऊच द्यायची नाही, मग आधार हळूहळू काढायचा. म्हणजे एकाला चुका करू देणं हा आदर आणि दुसऱ्याच्या बाबतीत तो निष्काळजीपणा. केंद्राला विचारा, दादासाठी यातलं काय करणार आणि ते कसं ठरवलं? "आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो" असं उत्तर आलं तर ते चुकीचं उत्तर आहे, ऐकायला कितीही गोड असलं तरी.

चौथा_गिअर
गुरुवार, सकाळी १०:१५

मान्य. मला बटाटे सोलण्यात मात्र सहा महिने चुका करू दिल्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

अर्धविराम
गुरुवार, दुपारी १२:४०

थोडं अवांतर, पण तितकंही नाही. हेन्री मोलेसन हे स्मृतिशास्त्रातलं सर्वांत गाजलेलं नाव. १९५३ साली आकडी थांबवण्यासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवीन काही लक्षात राहणं बंद झालं. त्यांच्यावर शेकडो शोधनिबंध आहेत, पण १९८० पासून २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते एका निवासी केंद्रात राहत होते, हे कमी लोकांना माहीत असतं. अठ्ठावीस वर्षं! संशोधकांनी त्यांना काय आठवतं याचे हजार तपशील नोंदवले. तिथल्या एखाद्या मंगळवारी दुपारी ते काय करत होते, हे मात्र शोधावं लागतं. शब्दकोडी सोडवत असत, एवढं मिळतं.

दुसरं उदाहरण फिनिअस गेज या अमेरिकन रेल्वे-कामगाराचं. १८४८ मध्ये लोखंडी पहार कवटीतून आरपार गेली, स्वभाव पार बदलला, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पुढे तो चिलीमध्ये काही वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता, हे सहसा सांगत नाहीत. रोज ठरलेली वेळ, ठरलेले घोडे, ठरलेला रस्ता. काही अभ्यासकांच्या मते या ठरलेपणानेच तो बराच सावरला. त्याच्यासाठी कोणी पुनर्वसनाचा आराखडा केला नव्हता, कामानेच तो करून दिला.

उंटावरचा शहाणा
गुरुवार, दुपारी १:०२

म्हणजे घोडे पगारी नव्हते, हा माझा मुद्दा.

संपादक मंडळ
गुरुवार, दुपारी १:३०

अवांतर आवरा. धागाकर्तीचा प्रश्न केंद्र कसं ओळखावं हा आहे.

रातराणी
गुरुवार, रात्री १०:१०

मूळ प्रश्नावर. करारनामा घरी आणा आणि झोप झालेली असताना वाचा. मी बघितलेल्या एकात बारीक अक्षरात होतं की 'वर्तन व्यवस्थापनाला असह्य झाल्यास' चोवीस तासांत माणूस घेऊन जावा लागेल. म्हणजे ज्या कारणासाठी तिथे ठेवायचं त्याच कारणासाठी काढणार. भेटीच्या वेळा किती हेही बघा. आठवड्यातून दोन तास, तेही फक्त खालच्या बैठकीच्या खोलीत, असं असेल तर वर काय आहे ते कधीच कळणार नाही. आणि आकडी आली तर काय करता हे रात्रपाळीच्या माणसाला विचारा, व्यवस्थापकाला नाही. "कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, घड्याळ बघतो, पाच मिनिटांवर गेली की ॲम्ब्युलन्स" असं झटकन आलं पाहिजे. मी विचारलं तेव्हा एकाने "चमचा घालतो" सांगितलं होतं. निघाले तिथून.

चष्मेबद्दूर_२
शुक्रवार, सकाळी ७:५०

चौथा_गिअर यांच्या प्रश्नाला कायद्याचाही आधार आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार, २००६, कलम १९. कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला इतरांइतकीच हवी.

टोलनाका
शुक्रवार, सकाळी ८:१०

कलम ठीक आहे. पण ज्याला आपल्याला काही झालंय हेच पटत नाही, तो काय निवडणार? तो म्हणणार, घरी जातो.

चौथा_गिअर
शुक्रवार, सकाळी ११:३०

म्हणू दे की. मी पण म्हणायचो, रोज. निर्णय त्यांचाच चालला, पण एक ताई रोज ऐकून घ्यायची आणि वहीत लिहायची, 'आज पण घरी जायचं म्हणाले'. शेवटी घरी निघालो तेव्हा ती वही मला दिली. सहाशेच्या वर वेळा आहे.

पाऊलवाट
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००

सगळ्यांची क्षमा मागते, मध्ये गायब होते.

दादाला विचारलं. दोन्ही ठिकाणी घेऊन गेलो, दोन्हीकडे "हो, चांगलं आहे" म्हणाला, मग गाडीत म्हणाला, "पण मला कशाला?" टोलनाका म्हणाले तसंच.

खारुताईंचं ऐकून पहिल्या केंद्रात रविवारी चार वाजता न कळवता गेले. वीस मिनिटं आत सोडलं नाही. आत गेल्यावर टीव्ही चालू होता, तीच ओळ, जवळजवळ त्याच खुर्च्या. मी औषधांबद्दल विचारलं, डॉक्टर उद्या भेटतील म्हणाले. आकडीचा प्रश्न विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या ठिकाणी संध्याकाळी गेले. तिथेही सगळं आलबेल नाही, हे सांगायला हवं. एका बाथरूमची कडी तुटलेली, रात्री दोनच माणसं, आणि स्पीच थेरपिस्ट गेले चार महिने नाहीत, जागा रिकामी आहे. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. रात्रपाळीच्या दादांना आकडीचं विचारलं, त्यांनी रातराणी म्हणाल्या ते जवळपास शब्दशः सांगितलं, शिवाय "तुमच्या भावाला येते का, कशी सुरू होते?" हेही विचारलं. दार रात्री बंद असतं, किल्ली त्यांच्याकडे. मामांच्या भाषेत आठामागे एक नाही, पाचामागे एक आहे, रविवारी सातामागे.

महिनाभरासाठी दुसरीकडे ठेवायचं ठरवलं. बाबा अजून नाराज आहेत. पहिले चार दिवस दादाने कोणाशी धड बोलणं केलं नाही, एकदा ताट भिरकावलं. पाचव्या दिवशी वहिनी गेली तर तो कपड्यांच्या त्या स्टँडपाशी जमिनीवर बसलेला. एक चाक अडकत होतं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो काहीतरी आपणहून करत होता. शेजारी त्याच बाई उभ्या. त्याने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर दिला. आधी नाही दिला.

माजी_मामा
रविवार, रात्री ९:१०

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

चौथा_गिअर
रविवार, रात्री ९:५५

चाक झालं का दुरुस्त?

पाऊलवाट
रविवार, रात्री १०:०२

नाही हो. उलटं बसवलं. आता स्टँड फक्त डावीकडे जातो. उद्या बघतो म्हणालाय, वहीत लिहून ठेवलंय त्याने. मांडीठोक, ही चूक त्याला करू द्यायची की नाही ते तुम्ही दोघं मिळून ठरवा.

मांडीठोक
रविवार, रात्री १०:१५

त्याच्या टीमला विचारतो. पण स्टँड दोन आहेत ना त्यांच्याकडे?

खारुताई
रविवार, रात्री १०:२०

कपड्यांवर नाव घातलंस का गं? पहिल्या महिन्यात मोजे हरवतात. चांगल्या केंद्रात पण हरवतात, वाईट केंद्रात पण.

पाऊलवाट
रविवार, रात्री १०:२४

तीन गेले. एक कोणाचातरी जास्तीचा आलाय.